नागावकर सरांची दहा मिनिटं

नागावकर सरांच्या उजव्या कानावर पेन्सिल नसली की ओळखायचं, शुक्रवारची संध्याकाळ झाली. एरवी ती कानावरून हलायची नाही. सुताराची चपटी लाल पेन्सिल, चाकूने तासलेली. वर्गात, स्टाफरूममध्ये, बँकेच्या रांगेत, एकदा तर कुणाच्या लग्नात अक्षता टाकतानाही ती मी त्यांच्या कानावर पाहिली आहे. शुक्रवारी चारला घरी आले की ते ती काढून खिडकीच्या फळीवर ठेवायचे आणि रविवारी सकाळी पुन्हा उचलायचे. मधल्या वेळात त्यांचा कान उघडाबोडका दिसायचा आणि ते मला दुसरेच कुणीतरी वाटायचे.

जळगावला आमच्या शाळेत तांत्रिक विभाग होता, तिथे ते सुतारकाम शिकवायचे. मी भूगोल शिकवायचे. शिवाय शनिपेठेत त्यांच्याच डोक्यावरच्या खोलीत मी भाड्याने राहत होते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की बसने असोद्याला घरी, आणि सोमवारी सकाळी परत. म्हणजे शाळेत त्यांच्या शेजारची खुर्ची माझी आणि घरी त्यांच्या आढ्यावर माझे पाय. दहा वर्षं हा माणूस मी सकाळ-संध्याकाळ बघितला, म्हणून हे सांगायचा मला थोडा अधिकार आहे. आणि त्यांची झोप मीच उडवली, म्हणून थोडी जबाबदारीही आहे.

माणूस मुळातच काळजीचा. कुलूप लावलं की तीनदा ओढून बघायचे, मग चार पावलं जाऊन चौथ्यांदा. मुलांनी केलेल्या स्टुलावर आधी स्वतः बसून बघायचे, मग दोन्ही बाजूंना डोलून बघायचे, आणि तरीही म्हणायचे, "एक सूत कमी वाटतंय का रे?" सूत म्हणजे सुतारांच्या भाषेत इंचाचा आठवा भाग. सरांचं सगळं आयुष्य सुतावर चालायचं. भाजीत मीठ एक सूत जास्त, हेडमास्तरांचा आवाज आज दोन सूत वर. हसून बोलायचे, पण डोळे मात्र कुठल्या तरी सांध्यात फट शोधत असायचे.

ते बेने इस्राएल होते, म्हणजे मराठी यहुदी. मूळ कोकणातले. त्यांचे आजे-पणजे घाणीवर तेल काढायचे आणि शनिवारी घाणी बंद ठेवायचे, म्हणून त्यांना गावात शनवार तेली म्हणत, असं ते अभिमानाने सांगायचे. जळगावात त्यांच्या धर्माचं दुसरं घर मला तरी माहीत नव्हतं. लोकांनी आधी त्यांना ख्रिश्चन ठरवलं, मग मुसलमान, आणि शेवटी मारुतीचे भक्त. कारण एकच, सर शनिवार धरतात. राहतात शनिपेठेत आणि धरतात शनिवार, मग आणखी काय पुरावा पाहिजे?

आमच्या शाळेचा शिपाई काशिनाथभाऊ धरणगावकडचा. त्याची आई मोठी भाविक. दर शनिवारी सकाळी शाळेत यायच्या आधी हा सरांच्या दारात डबा घेऊन उभा.

"सर, मनी मायनी साबुदाणानी खिचडी दिधी शे. शनिवार शे ना तुमना."

सर डबा घ्यायचे, मान लववायचे आणि खिचडी खायचे. खरं म्हणजे शब्बाथच्या, म्हणजे आठवड्याच्या पवित्र विश्रांतीच्या दिवशी त्यांच्यात उपास चालत नाही. उलट त्या दिवशी तीन वेळा नीट जेवायचं, बरं नेसायचं, रडगाणं गायचं नाही. पण म्हातारीने पाठवलेलं परत कसं करायचं, ही काळजी. वर्षभर या माणसाने शनिवारी जेवणाच्या आधी वाटीभर खिचडी खाल्ली. शेवटी त्यांच्या बायकोने, रिबेकावहिनींनी, बाहेर येऊन सांगून टाकलं, "भाऊ, आमच्यात शनिवारी उपाशी राहणं हे पाप आहे."

काशिनाथभाऊने डब्याचं झाकण पुन्हा घट्ट बसवलं. "मंग हाऊ कसाना शनिवार? पोटभर खावाना?"

त्याच्या प्रश्नाचं उत्तर सरांनी मला मागाहून दिलं, कारण तोच प्रश्न माझ्याही मनात होता. म्हणाले, "चौधरीबाई, सहा दिवस मी लाकडाचा मालक असतो. कापतो, तासतो, ठोकतो. सातव्या दिवशी हात लावायचा नाही. मग लाकूड नुसतं लाकूड असतं, मी नुसता मी असतो, आणि मालक कोण ते आठवतं." मग जरा थांबून म्हणाले, "देवाने स्वतःसाठी मंडप बांधायला सांगितला होता आमच्या लोकांना. खांब, फळ्या, खुंट्या, सगळी मापं देऊन. पण सातव्या दिवशी तेही काम बंद. देवाचं घर अर्धवट राहिलं तरी चालेल, म्हणाला." या शेवटच्या वाक्याशी त्यांचा आवाज नेहमी हलका व्हायचा. काम अर्धवट टाकणं हे सरांना जन्मात जमलं नसतं. तसा हुकूमच आला म्हणून जमत होतं.

शाळा शनिवारीही असायची, पण आमच्या हेडमास्तरांनी त्यांना शनिवारची सूट दिली होती. बदल्यात सर रविवारी येऊन मोडके बाक दुरुस्त करायचे. शनिवारी सकाळी घरी प्रार्थना झाली की ते पायी एक फेरी मारायचे. अशाच एका शनिवारी ते शाळेवरून चालले होते, तर फाटकावरची शाळेच्या नावाची जाड लाकडी पाटी एका बाजूने सुटलेली त्यांना दिसली. खालून पोरं ये-जा करत होती. आता आली का पंचाईत. सरांना खिळा ठोकता येत नाही. आणि त्यांच्या नियमाप्रमाणे, आपल्याला जे करायचं नाही ते दुसऱ्याला कर म्हणून सांगताही येत नाही. सर सरळ जाऊन त्या पाटीखाली उभे राहिले. हात मागे बांधून, वर बघत. पोरं आली की त्यांना बाजूने जायला लावायचे आणि पुन्हा पाटीखाली. पडली तर माझ्या डोक्यावर पडेल, असा हिशोब.

तासाभराने काशिनाथभाऊ तिथे आला. "सर, काय देखी राहिनात?"

"पाटी पडेल असं दिसतंय," सर म्हणाले.

"मंग ठोकी टाकू का?"

सर पुन्हा पाटीकडे बघू लागले. हो म्हटलं तर सांगितल्यासारखं होतं, नाही म्हटलं तर पाटी पोरांच्या डोक्यात. मी वर्गाच्या खिडकीतून बघत होते. नोव्हेंबरचा महिना, आणि सरांच्या कपाळावर घाम. शेवटी काशिनाथभाऊच स्वतःशी पुटपुटला, "सर बोलतस नही. पण बठ्ठा पोरे आठूनच जातस," म्हणजे सगळी पोरं इथूनच तर जातात, आणि शिडी घेऊन आला. खिळा वाकडा ठोकला. रविवारी सरांनी सगळी पाटी उतरवून पुन्हा सरळ बसवली, आणि काशिनाथभाऊला त्यातलं एक अक्षर कळू दिलं नाही.

आता शुक्रवारचं सांगते, कारण खरी गोष्ट तीच आहे.

शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो आणि शनिवारी रात्र पडली की सुटतो. तो लागायच्या आत घरच्या बाईने दिवा लावायचा. एकदा सूर्य गेला की काडी ओढायची नाही. मुंबईहून त्यांच्या प्रार्थनामंदिराचं कॅलेंडर यायचं, त्यात प्रत्येक शुक्रवारची सूर्यास्ताची वेळ छापलेली असायची. त्या वेळेच्या पाच मिनिटं आधी दिवा, अशी त्यांच्या घरची रीत. सूर्य डोळ्यांनी बघायची सोय नव्हती. आमच्या गल्लीत तो समोरच्या सरकी गोदामामागे तासभर आधीच दडी मारायचा. तेव्हा सगळी भिस्त कॅलेंडरवर आणि भिंतीवरच्या घड्याळावर.

शुक्रवारी चारला घरी आल्यापासून सरांच्या जिवाची घालमेल सुरू व्हायची. पाणी भरलं का, दोन्ही दिवसांचं शिजलं का, दाराची कडी नीट लागते का. वेळेच्या अर्धा तास आधीच आंघोळ करून, पांढरा सदरा घालून, टोपी चढवून ते बाहेरच्या खोलीत घड्याळासमोर उभे राहायचे. हलायचेसुद्धा नाहीत. मी जिन्यावर बसून तांदूळ निवडत असायचे, मला सगळं दिसायचं. वेळ झाली की हाक मारायचे, "रिबेका, वेळ झाली."

आतून वहिनींचा आवाज यायचा, "लावलाय."

सरांचे खांदे खाली यायचे. मग ते आत जायचे. कोनाड्यात काचेच्या पेल्यात पाण्यावर तेल आणि त्यात वात. ते दोघं त्या दिव्यापुढे उभे असायचे तेव्हा मी माझे तांदूळ घेऊन वर जायचे. कुणाच्या घरातलं सगळंच बघू नये.

वहिनींना मूलबाळ नव्हतं. लहानपणी ताप येऊन त्यांच्या हृदयाचा व्हॉल्व्ह बिघडलेला, त्यामुळे दोनदा दिवस राहिले, पण मूल टिकलं नव्हतं. त्याबद्दल त्या कधी रडल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या, "सुमन, माझ्या हातून आयुष्यात मोठं असं काही झालं नाही. पण लग्न झाल्यापासून शुक्रवारचा दिवा एकदाही चुकला नाही. वर गेल्यावर एवढं तरी सांगता येईल." बोलताना त्या वाती वळत होत्या. सर दारात उभे होते, त्यांनीही ऐकलं.

आणि मग सत्त्याऐंशी साली माझी जीभ वळवळली.

स्टाफरूममध्ये मी नववीसाठी रेखांशाचा तक्ता करत होते. सर शेजारी बसून माझ्या तक्त्याच्या काठ्या तासून देत होते. सहज विचारलं त्यांनी, हे कसलं. मी सांगितलं, पृथ्वी एक अंश फिरायला चार मिनिटं घेते, म्हणून पूर्वेच्या गावाला सूर्य आधी उगवतो आणि आधी मावळतो. आणि वर चेष्टा करायची हौस. म्हटलं, "सर, तुमचं कॅलेंडर मुंबईचं ना? मग तुमचा सूर्यही मुंबईचाच मावळतो की काय?"

चाकू थांबला. "म्हणजे?"

"मुंबई त्र्याहत्तर अंशांच्या जवळ, आपण साडेपंचाहत्तरच्या. अडीच अंश. दहा मिनिटं."

"इथे आधी की तिथे?"

"इथे आधी. आपल्याला सोडून मग मुंबईला जातो."

"पण घड्याळ तर एकच आहे."

"घड्याळ सगळ्या देशाचं एकच असतं सर. सूर्य ज्याचा त्याचा."

मी हसले. सर हसले नाहीत. कानावरची पेन्सिल काढून त्यांनी त्या काठीवर १० लिहिलं, खाली ५ लिहिलं, वजाबाकी केली. मग अगदी हळू म्हणाले, "दर शुक्रवारी शेजारच्या मशिदीतली सूर्यास्ताची बांग आपल्या दिव्याच्या आधी होते. मला वाटायचं, त्यांची रीत वेगळी असेल."

ती बांग मीही ऐकत होते, चार वर्षं. भूगोलाची बाई.

"बारा वर्षं झाली बाई आम्हाला जळगावात येऊन," सर म्हणाले. "बारा वर्षं ती सूर्य गेल्यावर पाच मिनिटांनी दिवा लावतेय. एकही दिवा लागलेला नाही तिचा."

मी घाईघाईने सारवासारव करायला गेले. म्हटलं, सर, तुम्ही शनिवारी शब्बाथ सोडता तोही मुंबईच्याच वेळेने ना? म्हणजे पुढून गेलेली दहा मिनिटं मागून भरून निघतात की. सरांनी माझ्याकडे जरा दयेनेच पाहिलं. "चौधरीबाई, टेबलाचा एक पाय आखूड झाला म्हणून दुसरा लांब केला, तर टेबल सरळ होतं का?"

शाळा सुटल्यावर ते फाटकाशी माझी वाट बघत थांबले होते. "तिला कळता कामा नये," एवढंच म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना बजावलेलं होतं, वहिनींना कसला धक्का बसू देऊ नका. आणि यापेक्षा मोठा धक्का तो कोणता? बाईच्या गाठीला एकच गोष्ट, ती आपण तिच्या डोळ्यांदेखत खोटी पाडायची? मी शपथ घेतली. त्या दिवसापासून त्यांची काळजी माझीही झाली.

सरांनी तोड काढली ती सुताराला शोभेल अशी. माप बदलता येत नाही, तर पट्टीच सरकवायची. शुक्रवारी दुपारच्या सुट्टीत ते घरी जायचे. त्या वेळी वहिनी न्हाणीघरात डोकं धूत असायच्या. सर स्टुलावर चढून भिंतीवरच्या घड्याळाला आठवड्याची चावी द्यायचे आणि काटा दहा मिनिटं पुढे सारायचे. रविवारी सकाळी पुन्हा मागे. शब्बाथपुरतं ते घर दहा मिनिटं पुढे चालायचं. रेडिओवर बातम्या लागल्या तर बिंग फुटेल, म्हणून शुक्रवारी रेडिओचे सेल काढून ठेवायचे आणि संपलेत म्हणायचे. दर शुक्रवारी सेल संपणारा तो जगातला एकच रेडिओ असेल. मला हुकूम होता की शुक्रवारी मनगटावर घड्याळ घालून खाली यायचं नाही.

सगळ्याचा बंदोबस्त झाला, पण जवळच्या कापसाच्या जिनिंग गिरणीच्या भोंग्याचं काय करणार? तो साडेपाचला व्हायचा आणि आमच्या भिंतीवर पाच चाळीस झालेले असायचे. पहिल्याच शुक्रवारी वहिनी आतून म्हणाल्या, "आज भोंगा उशिरा झाला वाटतं."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. मी जिन्यावरून म्हटलं, "हो का? मशीन बिघडलं असेल." पुढच्या शुक्रवारी पुन्हा, "आजही उशिराच." मग ते दर शुक्रवारचंच झालं. वहिनी म्हणायच्या भोंगा उशिरा, आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो, आणि नवीन कारण काढायची पाळी कधी माझी, कधी सरांची. वीज गेली असेल. भोंगेवाला म्हातारा झालाय. एकदा सर म्हणाले, "वारा उलटा आहे." आवाज उशिरा यायला वारा किती उलटा लागेल, ते मी भूगोलाची बाई असून विचारलं नाही.

सहा वर्षं हे चाललं. त्यातला एकच शुक्रवार सांगते. प्रात्यक्षिक परीक्षेसाठी परीक्षक म्हणून सर धुळ्याला गेले होते. दुपारपर्यंत सुटतील आणि संध्याकाळच्या आत घरी येतील असा बेत होता. बाराला शाळेच्या ऑफिसात फोन आला, चौधरीबाईंना बोलवा. ऑफिसात क्लार्क बसलेला, दोन पालक बसलेले. पलीकडून सरांचा आवाज, धाप लागल्यासारखा. "बाई, इथे अजून दोन तुकड्या बाकी आहेत. माझं आज येणं होत नाही. मी इथेच राहीन, रविवारी येईन. माझं सोडा. पण ते टेबल. ते टेबल दहा सूत पुढे घ्यायचंय."

"कुठलं टेबल?" मी आपली खुळ्यासारखी.

"भिंतीवरचं," सर म्हणाले आणि त्यांचा आवाज फाटला.

मग माझ्या डोक्यात उजेड पडला. दोनला मी धावत घरी गेले. वहिनी नेमक्या न्हाऊन बाहेर आलेल्या, ओले केस पंचाने झटकत होत्या. मी म्हटलं, सरांचा फोन होता, येत नाहीत, घड्याळाला चावी द्यायला सांगितलीय. वहिनींनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे. "बरं झालं आठवण ठेवली त्यांनी," म्हणाल्या आणि केस विंचरायला आत गेल्या. घाईत काटा आधी बारा मिनिटं पुढे गेला, मग दोन मागे घेतला.

त्या संध्याकाळी वेळ सांगायला सर नव्हते. मीच जिन्यावरून हाक मारली, "वहिनी, वेळ झाली हो." आतून नेहमीसारखं आलं, "लावलाय."

त्या रविवारी मी असोद्याला न जाता थांबले होते; सर स्टँडवरून आले ते पिशवीसकट माझ्या दारात. "दहा सूत?"

"दहा सूत," मी म्हटलं. तेव्हा कुठे ते खाली जाऊन पाणी प्यायले.

सगळ्यांना धास्ती वहिनींच्या हृदयाची. आणि पडले सर. त्र्याण्णवच्या हिवाळ्यात, वर्गात रंधा मारताना. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. पंधरवड्याने दवाखान्यातून घरी आणलं आणि बाहेरच्या खोलीत घड्याळासमोर खाट टाकली. पेन्सिलीशिवाय त्यांचा चेहरा ओळखू येत नाही म्हणून वहिनींनी ती पुसून पुन्हा त्यांच्या कानावर ठेवली.

पहिल्या शुक्रवारी दुपारी मी गेले, तर ते डोळ्यांनी नुसते घड्याळ दाखवत होते. "घ... घ..." मला कळलं. वहिनी न्हायला गेल्या होत्या, मी स्टुलावर चढून काटा सरकवला. त्यांनी डोळे मिटले. सोमवारी असोद्याहून आल्यावर काटा मी गुपचूप मागेही घेतला.

दुसऱ्या शुक्रवारी मला शाळेतून निघायलाच उशीर झाला. पोचले तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. सर घामाने भिजलेले. नजर घड्याळावर, डावी मूठ चादरीत आवळलेली. बारा वर्षांचे गेले ते गेले, निदान हा तरी दिवा, असं त्या नजरेत स्पष्ट लिहिलेलं होतं. वहिनी आत स्वयंपाकघरात होत्या, मध्ये नुसता पडदा. पण वेळच नव्हता. मी स्टूल ओढलं, चढले, काच उघडली आणि काटा धरला. पाचेक मिनिटं पुढे गेला असेल नसेल, तोच पडदा सरकला.

वहिनी दारात उभ्या. माझा हात घड्याळाच्या पोटात.

सरांच्या घशातून एक आवाज निघाला, तो मी अजून विसरलेले नाही.

वहिनी म्हणाल्या, "राहू दे सुमन. उतर खाली, पडशील. दिवा लावलाय."

मग त्या खाटेवर बसल्या आणि सरांची आवळलेली मूठ एकेक बोट करून उघडली. "किती घाबरायचं माणसाने," म्हणाल्या. "अहो, जळगावातल्या पहिल्याच शुक्रवारी मी चुलीपाशी होते. बांग झाली, आणि तुमची हाक आली मागून पाच मिनिटांनी. मी म्हटलं, त्यांचा सूर्य आणि आपला सूर्य काय वेगळा आहे? तो पहिला दिवा चुकला असता, पण बांग कानावर आली तेव्हा हातात काडी पेटलेलीच होती, तीच वातीला लावली. पुढच्या शुक्रवारपासून भाजीला फोडणी दिली की आधी दिवा. मी कधी 'लावते' म्हटलंय? आठवून बघा. लावलाय म्हणते मी. अठरा वर्षं लावलाय म्हणतेय."

दर शुक्रवारी तो शब्द माझ्या कानावरून गेला होता.

"मग वहिनी, तुम्ही सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"यांना? यांनी महिनाभर अन्न घेतलं नसतं. दिवा माझा, मी वेळेवर लावत होते. यांना मुंबईची वेळ बरोबर वाटत होती, वाटू दिली." मग पदराने सरांचं कपाळ टिपलं. "आणि ज्या शुक्रवारी यांची हाक बांगेच्या आधी आली, त्या दिवशी कळलं की यांना कुणीतरी शहाणं करून सोडलंय. घड्याळ सरकवतात तेही कळलं. म्हटलं, एवढं मला जपतायत, जपू दे."

"म्हणजे तो भोंगा..."

"भोंगा कशाला उशिरा होईल? तुमची दोघांची तोंडं बघायला मजा यायची."

सरांची जीभ हलत होती. डाव्या हाताने ते स्वतःच्या छातीकडे खूण करत होते. वहिनींना समजलं. "तुम्ही? तुम्ही त्या वेळात काय केलंत? आंघोळ करून घड्याळासमोर नुसते उभे. बारा वर्षं नुसते उभे. उभं राहणं हे काही काम नव्हे. तुमचाही शब्बाथ वेळेवरच लागत होता."

त्यावर सरांच्या तोंडाची डावी बाजू हसली. उजवी तशीच राहिली, आणि दोन्ही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग त्यांनी डावा हात उचलला. डोक्यावरून उजव्या कानाकडे न्यायला त्यांना फार वेळ लागला, पण वहिनींनी मदत केली नाही आणि मलाही करू दिली नाही. त्यांनी पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. मी ती खिडकीच्या फळीवर ठेवली.

बाहेर बांग सुरू झाली. घड्याळ मी अर्धवट सरकवलेलं होतं, ना जळगावचं ना मुंबईचं. ते नीट करावं म्हणून मी स्टुलाकडे वळले, तर वहिनींनी मानेनेच नको म्हटलं. मी काच लावली आणि निघाले.

मी त्यांना पाहिलं ते तेवढंच. दुसऱ्या दिवशी मी असोद्याला गेले, रविवारी पहाटे ते झोपेतच गेले, आणि सोमवारी मी आले तेव्हा त्यांचा पुतण्या त्यांना दफनासाठी मुंबईला घेऊन गेलेला होता. पण त्या शुक्रवारी मी जिना चढत होते तेव्हा खालून त्यांचा आवाज आला. जड, अडखळता, एकेक अक्षर सोडवत सोडवत. आधी मला वाटलं काही मागतायत, म्हणून मी पायरीवर थांबले.

"ला... व... लाय," सर म्हणत होते. पुन्हा म्हणाले. आणि वहिनी हसत होत्या.